थोरल्यांना भेटायला जायचं आहे

३ जून, सकाळ

संपादकाच्या खुर्चीत महिना झाला. आयुष्य परदेशी बातमीदारीत गेलं. उठाव, भूकंप, पडलेली सरकारं, सगळीकडे पहिला पोचलो. आता रोज एकाच इमारतीत पोचायचं. डाव्या हातचा मळ.

ठराव: लवकर उठणे. सिगरेट बंद. थोरल्यांना भेटणे.

थोरले म्हणजे आमचे जुने संपादक. बातमी लिहायला त्यांनीच शिकवलं, परदेशी पहिल्यांदा धाडलं तेही त्यांनीच. सध्या हॉस्पिटलात आहेत. काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, तुझी फार आठवण काढतात रे, एकदा तोंड दाखवून जा. हॉस्पिटल ऑफिसच्या मागच्याच रस्त्यावर आहे. उद्या नक्की.

४ जून

गेलो नाही. मीटिंग लांबली.

५ जून

पाऊल उचललं होतं, पण भेटायची वेळ संपली असेल असं वाटलं. नंतर कळलं, संपली नव्हती. सिगरेट एकच.

७ जून, दुपार

मृत्युलेखांचं फोल्डर तपासलं. मोठी माणसं आजारी पडली की त्यांच्यावरचा लेख आधीच लिहून तयार ठेवायचा, ही सगळ्याच पेपरांची पद्धत. ऐनवेळी धावपळ नको. थोरल्यांचा उघडला तर कुणीतरी चार परिच्छेदांत उरकलेला. एवढ्या मोठ्या माणसाची ही बोळवण! मीच नव्याने लिहायला घेतला. आधी लेख पुरा करतो, मग भेटायला जातो. रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा हे बरं.

१० जून

लेख झकास उतरला आहे. शेवट असा केला: ‘अखेरच्या दिवसांत त्यांच्या उशाशी बसून रोज गप्पा होत. प्रत्येक भेटीत ते नवं काही शिकवत.’ अजून गेलो नाही हे खरं, पण लेख छापून येईपर्यंत जाऊन झालेलं असेल. म्हणजे खोटं काही नाही.

डेस्कचा प्रमुख, ज्याला सगळे कात्री म्हणतात, तो लेख वाचून म्हणाला, सर, तुम्ही रोज जाता होय? म्हटलं, वेळ मिळेल तसा.

१२ जून

जेवताना बायकोने विचारलं, थोरल्यांकडे जाऊन आलास का. म्हटलं, जायचं आहे. तुला काहीच वाटत नाही का, म्हणाली. म्हटलं, बातमीदाराने वाटून घ्यायचं नसतं. त्यावर ती म्हणाली, मग माझ्यासमोर तरी वाटून घे, मी काही छापणार नाही. मुलगी ताट उचलून आत गेली. ती मला हल्ली पाहुणे म्हणते. थट्टेत.

शेवटच्या पोस्टिंगहून आल्यापासून आत काही हलत नाही, एवढं मात्र खरं. दाढ काढण्याआधी गाल बधिर करतात, तसं. दुखत नाही, ही एक सोय आहे.

१५ जून, संध्याकाळ

अखेर गेलो. संत्री घेतली. खोलीत पलंग रिकामा. चादर नवी, ताणून घातलेली. पलंगाखाली चपला नाहीत. एक बाई फरशी पुसत होती. तिला काही विचारायची गरजच वाटली नाही. असे रिकामे पलंग जगभर पाहिलेत, मला कळतं.

जिन्यातूनच कात्रीला फोन केला. म्हटलं, थोरल्यांचा लेख छपाईला सोड. खात्री केलीत का सर, असं त्याने विचारलं. म्हटलं, मी स्वतः जागेवर उभा आहे. दुसऱ्या कुठल्याही पेपरकडे बातमी नव्हती. काकूंना फोन करायला हवा होता. तेवढं राहिलं.

संत्री ऑफिसात वाटली.

१६ जून, सकाळ

पहिलं पान देखणं झालंय. चहा घेत न्याहाळत होतो, तेवढ्यात फोन वाजला. थोरले बोलत होते.

काल दुपारीच त्यांना घरी सोडलं. म्हणाले, लेख वाचला. बरा आहे, विशेषणं कमी कर. शेवट तेवढा खोटा आहे, तू एकदाही आला नाहीस. मग म्हणाले, ते जाऊ दे, आता घरी आहे, ये. म्हटलं, उद्या येतो.

१७ जून

दिलगिरी छापली, चौकटीत. मालक जे बोलले ते इथे लिहीत नाही. आता माझ्या सहीने नवा नियम: आपल्या माणसाने त्या घरी जाऊन खात्री केल्याशिवाय कुणाच्याही मृत्यूची बातमी द्यायची नाही. नियमाची भाषा नेमकी साधली. त्यातच दिवस गेला.

२१ जून

थोरल्यांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. पण आता कोणत्या तोंडाने जाणार? हे सगळं जरा थंड होऊ दे. घाईत गेलं तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल.

२६ जून

काकूंनी बायकोजवळ निरोप दिला. ते रागावलेले नाहीत, नुसतं येऊन बस म्हणावं. रविवारी जातो. सिगरेटही रविवारपासूनच.

२ जुलै

थोरले आज पहाटे गेले.

कात्रीचा फोन आला. म्हणाला, कळलंय, पण नियमाप्रमाणे कुणीतरी घरी जाऊन यायला हवं, कुणाला पाठवू? मग जरा चाचरत म्हणाला, सर, तुम्हीच सगळ्यांत जवळ राहता.

शर्ट चढवला. खाली फाटकापर्यंत गेलो. खूप वेळ उभा राहिलो. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. वर आलो आणि क्रीडा प्रतिनिधीला जायला सांगितलं.

लेख एकदा छापून झालेला, तोच पुन्हा कसा देणार? नवा लिहायला बसलो तर भेटीगाठींपाशी येऊन अडलो. शेवटी दोन ओळींची बातमी दिली.

क्रीडा प्रतिनिधीने परत येऊन सांगितलं, बातमी पक्की आहे. काकूंनी दारातच विचारलं म्हणे, तो नाही आला? याने, साहेब परदेशात आहेत, असं सांगून टाकलं.

म्हटलं, बरं केलंस.