आईच्या कठड्याचा दुसरा पाइप

संदेश,

त्या मंगळवारी भाऊंनी चहा पिता पिता आईच्या पायरीच्या कठड्यासाठी दोन पाइप मापले, खडूने खुणा केल्या आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे, उद्या कापू." बुधवारी पहाटे झोपेतच ते गेले. पाइप महिनाभर तसेच पडून होते आणि आई त्या पायरीवर दोनदा घसरली.

एक मी सकाळी कापला. दुसरा तू काप, आई संध्याकाळी कार्ल्याच्या मावशीकडून परत यायच्या आत. शेजारून ग्राइंडर आणू नकोस. भाऊ म्हणायचेच, "ठिणग्या बघायच्या आसतील तर ग्राइंडर घे, पातळ पाइप कापायचा आसंल तर करवत." बारीक दात्यांचं पान लावून ठेवलंय. पुढे ढकलतानाच जोर दे.

पोहे कढईत झाकलेत. मी घोरावाडीहून नवाची लोकल पकडते.

भाऊंची लेक असून पान आजही माझ्याकडून उलटंच लागलं होतं, दाते मागे करून. लहानपणापासून भाऊ ते गुपचूप सरळ करून ठेवायचे आणि मीही न पाहिल्यासारखं करायचे. आज स्वतः सरळ केलं, आणि रिकाम्या अंगणात मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, मला कळायचं हो. दर वेळी कळायचं."

ताई