एकट्याच्या घरचा ओला कचरा

जुळे सोलापूर

प्रिय म्हाळसा,

पत्र बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, गुडघाही आता कुरकुरत नाही. रोज फोन होतो, मग कागद कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर बाळ रडत असतं, सूनबाई आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवते, आणि मी ‘जेवलो, बरं चाललंय’ एवढं बोलून ठेवून देतो. माझ्या मनातलं सगळ्या घरानं ऐकावं असं नाही गं.

कुमार आणि सोनाली दोघंही नोकरीला, लेकरू कुणाच्या हवाली करायचं, म्हणून मीच तुला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. तेव्हा दोन-तीन महिन्यांचं बोलणं होतं. त्याला वर्ष उलटून गेलं. तू गेल्यावर मला घंटागाडी काही सापडेना. माझा चहा होईस्तोवर ती कोपऱ्यावरून वळलेली असायची आणि कांद्याची सालं, शिळी भाजी बादलीत कुजायची. एक दिवस शेजारच्या दाक्षायणीवहिनींनी जिन्यातच गाठलं. “दादा, वास लई येतोय की! टाकून कशाला देता? खत करा, गच्ची रिकामीच हाय तुमची.”

मला हसू आलं. खत म्हणजे आपल्या मंद्रूपचं लेंडीखत. आबा रानात मेंढरं बसवायचे, सकाळी सगळं रान काळं दिसायचं. देठासालांचं कसलं खत? तरी वहिनींनी सांगितलं म्हणून जुन्या ड्रमला भोकं पाडली आणि त्यात सालं टाकत गेलो. आठवडाभरात आत नुसता चिखल आणि अळ्या. वहिनी म्हणाल्या, “ओलं टाकलं की त्यावर वाळलं पण टाका की.” मग रस्त्यावरचा लिंबाचा पाला झाडून आणायला लागलो. लोक बघायचे. एस.टी.तला रिटायर कंडक्टर पोतं घेऊन पाला गोळा करतोय!

पण म्हाळसा, एकट्याच्या घरातून ओला कचरा निघतो तरी किती? एक कांदा, चार भेंड्यांची देठं. ड्रम भरायचं नावच घेईना. तू मेथी निवडायला बसलीस की ताटभर काड्या निघायच्या. शेवटी मी वहिनींच्या दारात डबा घेऊन उभा राहायला लागलो. त्यांच्या घरच्या दोडक्याची, दुधीची सालं घरी आणताना जिन्यातच डबा उघडून बघायचो. भरल्या घराचा वास असतो बघ त्यांना.

उन्हाळ्याच्या तोंडाला ते सगळं काळं, भुसभुशीत झालं. मला कुठला दम! तसंच कुंड्यांत भरून मेथी पेरली. उगवली, पिवळी पडली आणि मान टाकून गेली. खत अजून आतून गरम होतं. ते महिनाभर निवू दिलं, चाळलं, त्यात नारळाच्या शेंड्यांचा भुसा मिसळला. माती चिमूटभरही नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, पण त्या भुशात ओल टिकते. वरून ऊन तर तुला ठाऊकच आहे. सावलीला तुझं हिरवं लुगडं बांधलंय. बाजारात जाळी मिळत होती, पण मी आणली नाही.

आता चुका आलाय, वांगी धरलीत. पहिली वांगी शेंगाचं कूट भरून मीच केली. मीठ जास्त झालं, तरी चव होती. अर्धीच खाल्ली. चांगलं झालंय म्हणायला समोर कुणीतरी लागतं.

आता खरं सांगतो. मागच्या रविवारी कुमार आला होता. हा फ्लॅट विकून मी कायमचं पुण्याला यावं म्हणतो. सोबत गिऱ्हाईकही आणलं होतं. मी म्हटलं, “तुझ्या आईला विचारल्याबिगर न्हाय.” तो म्हणाला, “आईला विचारलंय. ती व्हय म्हणाली.” त्यानंतर मला घास गोड लागलेला नाही. तू मनापासून म्हणालीस, की लेकाचं मन मोडू नये म्हणून? फोनवर तुला विचारता येत नाही आणि तुला खरं सांगता येणार नाही. तू नाहीस तर मला करमत नाही, हे मी उभ्या जन्मात बोललो नाही, आज लिहितोय. येत्या शनिवारी मी येतोय. काही बोलू नकोस, उत्तरही लिहू नकोस. दाराशी तुझी पिशवी भरलेली दिसली, तर दुपारच्याच गाडीनं दोघं माघारी निघू. नाही दिसली, तर माझी पिशवी मी तुझ्या कपड्यांशेजारी ठेवीन आणि तिथंच राहीन.

तुझाच,
बिरुदेव