पांढरी दोनचा सा

भिवपुरी, पॉवरहाऊसच्या खोल्या
मार्गशीर्ष, १९३४

गुलनारबाई यांस,

नमस्कार लिहीत नाही. मनात नाही, तर कशाला लिहू?

तुमच्या वडिलांची इथून बदली झाली आणि जाताना तुम्ही आमच्या ह्यांना त्या विलायती तबकड्या देऊन गेलात. मागे वाद्यांचा ताफा, पुढे एकटं व्हायोलिन. तेव्हापासून हे कामावरून आले की पाय धुवायच्या आधी ग्रामोफोनला चावी देतात. भात निवतोय म्हटलं, तर म्हणतात, "थांब गं, हा भाग गुलनारबाई लय झकास वाजवायच्या."

काल मी गुपचूप स्क्रू फिरवून ग्रामोफोनचा वेग उतरवला. माझ्या बाजाच्या पेटीवर पांढरी दोनला जुळणारा तुमच्या तबकडीचा सा थेट चार पट्ट्या खाली, खालच्या काळी पाचला आला. ते उड्या मारणारं व्हायोलिन चिखलातल्या रेड्यासारखं चालायला लागलं. वाटलं, आता वैतागून तबकडी काढतील. पण हे डोळे मिटून बसले. म्हणाले, "आज काय सुरेख लागलंय!"

बाई, पॉवरहाऊसचं टर्बाइन जरा मंदावलं तरी हे घरबसल्या आवाजावरून ओळखतात, भरल्या ताटावरून उठून पळतात. त्या कानांना हे कळलं नाही.

म्हणजे हे व्हायोलिन ऐकतच नाहीत.

तबकड्या फोडायच्या ठरवल्या होत्या. आता फोडून काय उपयोग?

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुमचं उत्तर आलं, तर तेही जपून ठेवतील.

तुमची कुणीही नसलेली,
विमल