केसरबाईची खूण

प्रिय पिंकी,

हे पत्र माझी मैत्रीण दिव्या हिच्या हाती पाठवते आहे, कारण घरातला फोन तुझ्याइतकाच आईच्याही हातात असतो. वाचून झालं की फाडू नकोस. लॅपटॉपवरचंही काही पुसू नकोस. का, ते पुढे लिहिते; आधी एवढं पाळ.

मी बरी आहे. वाकडच्या फ्लॅटवर पुन्हा टँकरचं पाणी सुरू झालंय. ऑफिसात मोनिका मॅडमनी मला नव्या टीममध्ये घेतलं. लोकांच्या वेबसाइटवर कोण आलं, कुठून शिरलं, काय चाचपून गेलं, हे दिवसभर बघायचं. तुला हे काम भारी वाटतं. खरं तर ते राखणदारासारखं आहे: कंटाळा आला की समजायचं, सगळं ठीक आहे.

तुझ्या ऑनलाइन चॅलेंजची बातमी मला आधी पप्पांनी दिली. चाकणला शिफ्ट सुटल्यावर बसची वाट बघत उभे होते, तिथून फोन केला. म्हणाले, "तुझ्या बहिणीनं कुलूप उघडलं म्हणं. कुठलं, ते मला इचारू नको." आणि हसले. कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस इतका मोकळा हसला की मला धास्तीच वाटते. वेबसाइटमधल्या चुका शोधायला शिकवणाऱ्या त्या कार्यक्रमात तुझं नाव मीच घातलं होतं. सरावासाठी बनवलेल्या साइट, त्यांत मुद्दाम ठेवलेल्या चुका. वेबसाइटच्या पत्त्याच्या ओळीतला आकडा बदलला की दुसऱ्याचं पान उघडतं, हे तू मला फोनवर असं समजावलंस, जसं मी ते कधी ऐकलंच नव्हतं. तुझा आवाज त्या दिवशी फार छान लागला होता.

कोडं सुटलं की तिथल्या चौकटीत तू आजीचं नाव टाकायचीस. केसरबाई. बाकीची मुलं कसली कसली भयंकर नावं घेतात, म्हणून तुला हसूही यायचं. आजी म्हणायची ना, "कुणाच्या दारात गेलीस तर आधी नाव सांग, मंग उंबरा वलांड." तू ते तुझ्या परीने पाळत होतीस.

बुधवारी आमच्याकडे एका बस कंत्राटदाराची साइट तपासायला आली. चाकणच्या कामगारांची ने-आण करतो तो. तिथे कुणीतरी आकडे बदलत एका कामगाराच्या पानावरून दुसऱ्याच्या पानावर फिरलं होतं. घरचे पत्ते, मोबाइल, बसथांबे. शेवटी तक्रारीच्या चौकटीत एकच शब्द होता. केसरबाई.

सुरुवात पप्पांच्या पानापासून होती, म्हणून तू का गेलीस ते कळलं. त्यांची बस उशिरा येते, आई जेवायची थांबते. बस कुठे पोचली एवढंच तुला बघायचं होतं. पण तू तिथे थांबली नाहीस. सरावाच्या साइटवर माणसं राहत नाहीत, पिंकी. इथे राहतात. त्या पानांवर माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्या मुलीही होत्या, खोलीच्या नंबरासकट.

मी तो शब्द बघत बसले. मला तो पुसता आला असता. परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे. पप्पांचं काम एका फोनवर जाऊ शकतं. कंत्राटदाराला स्वतःची चूक कुणावर तरी ढकलायचीच आहे. हे सगळं मी दोन दिवस नीट मांडून पाहिलं.

आज दुपारी मी मोनिका मॅडमना सांगितलं, ही खूण माझ्या घरातली आहे, मला या कामातून काढा. त्यांनी विचारलं, कोण? मी तुझं नाव सांगितलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. कंत्राटदाराकडे अहवाल सोमवारी जाईल. त्याआधी तू स्वतः येऊन काय केलंस ते लिहून दिलंस, तर तेही त्यासोबत जाईल. म्हणूनच काही फाडू-पुसू नकोस; पुसलंस तर लपवलंस असंच दिसेल. त्याने काय सावरेल, ते मॅडम बोलल्या नाहीत आणि मलाही माहीत नाही. उद्या मी घरी येते. पप्पांना मीच सांगेन, तू फक्त शेजारी बस. सोमवारी सकाळी, अहवाल जायच्या आधी, आपण तिघं माझ्या ऑफिसात जाऊ. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण आमच्या दारात वॉचमन नाव विचारतो, तेव्हा आजीचं नको. तुझं सांग. मी मागेच उभी असेन.

रागावलीस तरी तुझीच,
तनुजाताई