छकुलीचा डावा डोळा

नाशिक, १२ ऑगस्ट २०२४

ती. आईंना,

सुनेचा साष्टांग नमस्कार. फोनवर आपण सासवा-सुना एकदम बोलतो आणि कुणीच ऐकत नाही, म्हणून लिहिते.

छकुलीला काल डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. डावा डोळा तसाच, सदा पाणी आणि सकाळी चिपडांनी चिकटलेला. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी जन्मापासून बंद आहे. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून खाली आणायचं, दिवसातून चार वेळा, एवढंच काम सांगून मी तिला महिनाभर कळवणला ठेवलं होतं. योगेश तिला आणायला आले तेव्हा काय पाहिलं, तर तुम्ही तेल लावून बोट खालून वर नेत होता, का तर नाक सरळ व्हावं. वर काजळही. अख्खा महिना वाया गेला. आता वर्षाची झाली की भूल देऊन नळीत बारीक तार घालायची. त्या भुलीचीच मला भीती वाटते. नाक तिला माझ्या वडिलांचं आलंय, ते तसंच राहू द्या.

रागावले आहे, तरी माया कमी करू नये.

आपली,
हर्षाली

कळवण, १८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. हर्षालीस,

अनेक आशीर्वाद. पत्र आल्यापासून जेवण गोड लागत नाही. तू पत्रातही वरच्या पट्टीत बोलतेस.

काजळ एकदाच लावलं. शेजारची सखुबाई "लय गोड हाय पोर" म्हणाली, मग काय करू? बोटाचं मात्र खरं आहे. तीन पोरांची नाकं मी अशीच वर काढली, हात आपोआप वर जातो. वाटलं, एका मालिशात दोन्ही कामं होतील. योगेशचाही डोळा गळायचा, दहाव्या महिन्यात आपोआप थांबला.

डॉक्टरांकडून अजून एक महिना मागून घे. मी येते, तुझ्यासमोर बसून बोट खालीच ओढते. माझ्या चुकीने त्या लेकराला भूल द्यावी लागली, हे मला सोसणार नाही.

भांडायचं तर भांड, पण उत्तर पाठव.

तुझी सासू

नाशिक, २४ सप्टेंबर २०२४

ती. आईंना,

साष्टांग नमस्कार. तुम्ही येते म्हणालात आणि मी फोनवर तुटकपणे नको म्हटलं. महिनाभर मालिश मीच केलं, रोज चार वेळा, सांगितलं तसंच. डोळा गळतच राहिला. शेवटी काल तार घातली. योगेश येरझारा घालत होते आणि मी उगाच वॉचमनशी भांडले. दहा मिनिटांत तिला बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा जाड होता, कुणाच्याही बोटाने उघडला नसता.

आता खरं सांगते. हे मालिश डॉक्टरांनी मला फेब्रुवारीतच शिकवलं होतं. दाबलं की ती किंचाळायची, कोपऱ्यातून पू यायचा, माझा हात धजेना. ऑफिसचं निमित्त करून मी ते तुमच्या गळ्यात टाकलं आणि मग तुम्हालाच बोल लावला. मला फार लाज वाटते.

शुद्धीवर आली तशी ती रडायला लागली. माझ्याकडे राहीना, दाराकडे बघून 'जी, जी' करत तुम्हाला शोधत होती. रडून रडून थकली आणि गप्प झाली. थोड्या वेळाने मी डावा डोळा पुसायला रुमाल घेतला तर आई, पुसायला काहीच नव्हतं. जन्मल्यापासून पहिल्यांदा.

शनिवारी योगेश तुम्हाला न्यायला येतील. नाही म्हणू नका.

तुमची,
हर्षाली