अनघाचा स्लॅब टिकला

बुधवार संध्याकाळ, परळ

अनघा लहान असताना मी देठाला धरून गॅसवर वांगं भाजायचे आणि ती शेजारी उभी राहून विचारायची, "आई, तुला देठाचा चटका कसा गं बसत नाही?" तो जाळाच्या बाहेर असतो म्हणून, मी म्हणायचे. तिच्या लक्षात राहिलं असेल का ते?

आज तिने तयार केलेल्या स्लॅबची आगीतली चाचणी पाहून आले. त्यात लोखंडाऐवजी काचतंतूंच्या सळया आहेत. शिवडीच्या खाऱ्या हवेतही त्या गंजत नाहीत, पण तंतू बांधून ठेवणारा चिकटा आगीत मऊ पडतो. म्हणून तिचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मॅडम, तुमचा स्लॅब पापडासारखा मोडणार." मोडला असता तर तिची इतक्या वर्षांची मेहनत बाजूलाच पडली असती.

खाली भट्टी, वर वजनं. स्लॅब वाकला, तडकला. मी गणपतीसोबत कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली हेल मेरीची प्रार्थनाही म्हणून टाकली. पण स्लॅब पडला नाही!

"अगं, सळयांची टोकं मी मुद्दाम लांब ठेवली, भट्टीच्या बाहेर," अनघा म्हणाली. "मधला चिकटा गेला, तरी गार टोकांनी तंतू धरून ठेवले. वांग्याचा देठ, आई!"

केवढी हुशार माझी पोर. ह्यांनी पाहायला हवं होतं.

पहिली टाळी साहेबांनीच वाजवली, तीही खळखळून हसत.

उद्या बेसनाचे लाडू. मोठा डबा भट्टीवरच्या माणसांना, छोटा अनघाला. साहेबांना वेगळा, बेदाणे जास्त घालून. स्वतःचं म्हणणं चुकल्यावर इतकं मनापासून हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.