डाव्या कानाचा बंदोबस्त

२७ ऑक्टोबर, सकाळी

आजपासून रोजनिशी. कारण, आजूबाजूची माणसं मूर्ख आहेत आणि ते कुठे तरी लिहून ठेवायला पाहिजे. खत-बियाण्याच्या दुकानात बसून हे बोलता येत नाही. गिऱ्हाईक तुटतं.

दुसरं कारण किरकोळ. दिवाळीपासून डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते. टीव्हीचं चॅनल गेल्यावर वाजते तशी. मागच्या गल्लीतल्या बबलूने फटाके उडवले त्याचा परिणाम. चार दिवसांत जाईल.

संकल्प : शिट्टीकडे लक्ष द्यायचं नाही. मंठा तालुक्यात लग्न असो, सत्कार असो की ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटन, सूत्रसंचालनाला माइक या काकासाहेबांच्याच, म्हणजे माझ्याच हातात. असल्या माणसाला शिट्टी काय करणार?

२९ ऑक्टोबर

दिवसभर लक्ष न देण्याचा कसून प्रयत्न केला. त्यामुळे दिवसभर लक्ष तिकडेच.

१ नोव्हेंबर

छडा लागला. शिट्टी कानात नाहीच, बाहेर आहे. बबलूचं वेल्डिंगचं दुकान! थेट गेलो आणि सुनावलं, मशीन बंद कर, सभ्य लोक राहतात इथे. तो बाजेवर आडवा पडून मोबाइल बघत होता. म्हणाला, "काका, सकाळपासून लाइटच न्हाई. समद्या मंठ्यात न्हाई. मशीन कशावर चालवू?"

मी मेन स्विचपाशी कान लावून उभा राहिलो. शिट्टी स्पष्ट. पट्ठ्याने कुठे तरी इन्व्हर्टर लपवलाय. असल्या माणसांशी वाद घालण्यात अर्थ नाही. येताना बघितलं तर तो बायकोला बोलावून माझ्याकडे बोट दाखवत होता. बहुतेक कौतुक करत असावा.

५ नोव्हेंबर

घरात उच्चारांवर कुणी मेहनतच घेत नाही. पाहुणे येणार म्हणून दुर्गाने रवा आणायला सांगितला. मला 'ओवा' ऐकू आलं, मी ओवा आणला. चूक कुणाची? 'र' जिभेवर घोळवून म्हणावा लागतो, हे तिला लग्न झाल्यापासून सांगतोय. ती म्हणाली, "तुमाला आयकू येऊन न्हाई राह्यलं." पाहुण्यांना शिऱ्याऐवजी चिवडा दिला. किलोभर ओवा घरात आहे, आता वर्षभर कुणाचं पोट दुखणार नाही. हा फायदा कुणी मोजत नाही.

९ नोव्हेंबर

शिट्टी गायब! सकाळी उठलो तर सगळं शांत. चिमण्या ऐकू आल्या. दुर्गा स्वयंपाकघरात स्वतःशीच माझ्याविषयी काय पुटपुटते तेही ऐकू आलं.

निव्वळ इच्छाशक्ती. शेजारच्या दैवशालाबाई गुडघ्यांची तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांना समजावलं की आजार म्हणजे मनाची कमजोरी. माणसाने ठरवलं की शरीराला ऐकावंच लागतं. त्या लगेच उठल्या. उठताना गुडघे कटकन वाजले. ते सुद्धा ऐकू आलं मला!

१० नोव्हेंबर

आली. शिट्टी कसली, आता पिठाची गिरणी आहे.

दैवशालाबाई मुद्दाम चौकशीला आल्या. काय म्हणाल्या कळलं नाही. दोनदा 'काय?' विचारलं. मग हसून मान हलवली. त्या भलत्याच खूश होऊन गेल्या. बायकांना आनंद व्हायला काहीही पुरतं.

१४ नोव्हेंबर, जालना

अर्पिताच्या हट्टापायी कानाच्या डॉक्टरकडे. आमची लेक अर्पिता इथे एका मेडिकलवर फार्मासिस्ट आहे, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा तिचा समज. डॉक्टर पाहिला तर बारावीची परीक्षा देऊन नुकता आलेला दिसत होता. म्हणाला, हा आवाज बाहेरचा नसतो. ऐकू कमी यायला लागलं की मेंदू ती जागा स्वतःच भरून काढतो. हमखास बरं करणारं औषध नाही. कधी कमी होईल, कधी जास्त, हळूहळू सवय होईल. मुख्य म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, कदाचित मशीन लावून बरं वाटेल. वर विचारतो, मोठ्या स्पीकरजवळ फार उभे राहता का?

मी म्हटलं, मी स्पीकरजवळ नसतो, स्पीकर माझ्याजवळ असतात.

यातली घेण्यासारखी गोष्ट एकच : माझा मेंदू इतरांपेक्षा जास्त काम करतो. तपासणीला साफ नकार दिला. माइकवाल्या माणसाने कानात मशीन घालून स्टेजवर जायचं? लोक काय ऐकायला येतील, मला की माझ्या मशीनला?

अर्पिता बस स्टँडपर्यंत एक शब्द बोलली नाही. किंवा बोलली असेल.

२३ नोव्हेंबर

अर्पिताला बघायला पाहुणे आले. मुलगा आदिनाथ, पिंपळगाव रेणुकाईचा. तुती लावून रेशीम काढतो, म्हणजे अळ्या पाळतो. आजकाल त्यालाही उद्योग म्हणतात. मुलाला बघून अर्पिता लाजली नाही, उलट त्याने अळ्या किती खातात हे सांगितलं तर हसली. काळ बदलला.

मुलाचे वडील बद्रीनाथराव अत्यंत हळू बोलतात. चोरीचा माल विकतोय असा आवाज. वर पंखा चालू, कानात गिरणी चालू. अशा वेळी सामान्य माणूस गोंधळून 'काय? काय?' करतो. मी धीरगंभीर चेहरा ठेवून योग्य ठिकाणी मान हलवली, दोनदा मंद हसलो. परिणाम बघा : सोयरीक तिथल्या तिथे पक्की! बद्रीनाथरावांनी उठून मिठी मारली. दुर्गाने पदराने डोळे पुसले. अर्पिता मात्र माझ्याकडे एकटक बघत होती. अभिमानाने बघत असावी.

२४ नोव्हेंबर

विश्वासघात. मी काय काय कबूल केलंय ते दुर्गाने चहासोबत सांगितलं. लग्न मुलाच्या गावी. हेही चालवून घेतलं असतं. पण सूत्रसंचालन करणार कोण? बिभीषण! शहागडचा बिभीषण! बद्रीनाथरावांच्या मेहुण्याचा मुलगा निघाला. माझ्या एकुलत्या एक लेकीच्या लग्नात माइक त्या माणसाच्या हातात!

दुर्गा म्हणाली, "त्यांनी दोनदा इच्यारलं. तुमच्या घरचं कार्य हाय, तुमाला काम कशाला, बिभीषणला सांगू का म्हनले. तुमी दोन्ही बारी मान हलवली. वरून हसले."

मी म्हटलं, मंग तू का बोलली न्हाई? तर म्हणते, मला वाटलं तुमाला शहाणपण आलं.

बिभीषणविषयी लिहिणं म्हणजे शाई वाया घालवणं, तरी लिहितो. प्रत्येक नवरीला 'चंद्राचा तुकडा' म्हणतो. इतके तुकडे एका चंद्रातून निघत नाहीत. 'जोरदार टाळ्या' असं ओरडतो की लोक दचकून वाजवतात. 'आशीर्वाद'मधला 'शी' र्‍हस्व म्हणतो. सोळा संस्कारांतला एकही या माणसावर झालेला नाही.

संकल्प : आजच फोन करून हे फिरवायचं.

२४ नोव्हेंबर, दुपारी

फोन केला. लाइन खराब होती. बद्रीनाथराव फोनवर तर आणखीच हळू बोलतात. मी ठाम स्वरात 'बराबर आहे, बिलकुल' असं म्हणत राहिलो, म्हणजे समोरच्यावर दाब राहतो.

नंतर अर्पिताने आदिनाथला विचारून खुलासा केला. बिभीषण बदललेला नाही. उलट लग्नाच्या दिवशी जालन्याहून तो आमच्याच गाडीत येणार आहे. मीच आग्रह केला म्हणे.

८ डिसेंबर

मीठ! सगळं मिठामुळे होतं. चार दिवस मीठ बंद केलं आणि आज आवाज जवळजवळ नाही. डॉक्टर लोकांना हे माहीत असतं पण सांगत नाहीत. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला मिठाविषयी सांगितलं. एक जण युरियाच घ्यायला आला होता, तो न घेताच गेला. अज्ञान.

९ डिसेंबर

गिरणी परत. सोबत आज एक रातकिडाही आहे. मीठ पुन्हा चालू. आळणी पिठलं खाऊन दुर्गाही माझ्याशी बोलेनाशी झाली होती. निदान बोलत असल्यास ऐकू आलं नाही.

११ जानेवारी

आजचा प्रसंग लिहिणार नव्हतो. पण गावात वेडीवाकडी आवृत्ती फिरते आहे, म्हणून खरी आवृत्ती.

कृषी खात्यातले बुद्धभूषण साहेब रिटायर झाले, त्यांचा निरोप समारंभ. सूत्रसंचालन अर्थातच माझं. हॉल भरलेला, साहेबांची वाट बघणं चालू. संयोजक स्टेजवर धावत आला आणि नेमका माझ्या डाव्या कानात कुजबुजला, "साहेब आत्ताच आले." डाव्या कानात गिरणी. मला ऐकू आलं, साहेब आत्ताच गेले.

माझ्यातला कलावंत क्षणात जागा झाला. आवाज खाली उतरवला. मी सर्वांना उभं राहायला सांगितलं. एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याला आपण अशा दिवशी गमावलं, असं म्हणून श्रद्धांजलीसाठी मौन जाहीर केलं. अख्खा हॉल उभा. सगळे माझ्या मागे, स्टेजच्या दाराकडे बघत होते. मी वळून पाहिलं तर दारात खुद्द बुद्धभूषण साहेब, गळ्यात हार, मान खाली घालून हात जोडून उभे. कोण गेलं हे त्यांना माहीत नव्हतं. पण शिस्तीचा माणूस, मौन पूर्ण पाळलं.

आणि त्या मौनात काय सांगू! एवढी माणसं श्वास धरून उभी, आणि माझ्या कानात असा काही कर्कश आवाज की वाटलं, हा सगळ्यांना ऐकू जात असणार. तो आवाज लपवायला मीच आधी माइकवर बोललो.

दोष पूर्णपणे संयोजकाचा. 'आले' आणि 'गेले' यातला फरक नीट उच्चारता येत नसेल तर समारंभ घ्यावेतच कशाला?

२५ जानेवारी

लग्नसराई आहे पण सध्या मी कुठे जात नाही. लोकांनी बोलावणं बंद केलंय असं बबलू म्हणतो. वस्तुस्थिती अशी की मी विश्रांती घेतोय आणि लोकांना ते बोलावण्याआधीच कळतं.

१२ फेब्रुवारी, रात्री, पिंपळगाव रेणुकाईहून परतल्यावर

अर्पिताचं लग्न झालं.

सकाळी जालन्याला बिभीषण गाडीत चढला. वाकून पाया पडला. ढोंग. मग माझ्या डाव्या बाजूला बसून भोकरदनपर्यंत एकटाच बडबडत होता. मी खिडकीबाहेर बघत अधूनमधून मान हलवली. तुच्छतेने हलवली, पण त्याला तेवढं समजायला पाहिजे ना.

आधी देवीच्या दर्शनाला गेलो, मग मांडव. अक्षता पडल्या. अर्पिता सुंदर दिसत होती. बिभीषण 'चंद्राचा तुकडा' म्हणालाच असेल, सुदैवाने मला ऐकू आलं नाही. मग तो माइकवर बराच वेळ काही तरी बोलला आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. सगळे माझ्याकडे बघत होते. वधूपित्याचा सत्कार असावा, असं समजून मी बसल्या जागेवरून हात जोडले, चारी बाजूंना मान लववली. टाळ्या थांबेनात. बिभीषण स्टेजवरून माझ्या दिशेने हात लांब करून उभा होता. मी पुन्हा हात जोडले. शेवटी त्याने हात खाली घेतला आणि पुढचा कार्यक्रम चालू केला.

दुर्गाने कोपर मारलं. उजव्या कानापाशी येऊन म्हणाली, "अवं, तो माइक देऊन राह्यल्ता तुमाला. काकांचं आयकून मी बोलायला शिकलो, आज माइक त्यांचाच म्हनला. गाडीत तुमी हो म्हनल्ते म्हनं त्याला."

तोवर जेवणाच्या पंगती सुरू झाल्या होत्या. माइक बंद. बिभीषण वाढायला उभा होता. माझ्या पानात जिलबी वाढताना काही तरी म्हणाला. मी मान हलवली नाही. नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने आणखी एक वाढली.

निघताना अर्पिता गळ्यात पडली. तोंड नेमकं डाव्या बाजूला. रडत रडत काही तरी म्हणाली. मी मान हलवली. त्यावर ती रडता रडता हसली आणि गाडीत जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर बराच वेळ गेल्यावर दुर्गाला विचारलं, अर्पिता काय म्हणाली?

दुर्गा म्हणाली, "तुमाला न्हाई आयकू आलं?"

मी म्हटलं, आलं, पण तुझ्याकडून खात्री करून घेतो.

"बाबा, माझ्यासाठी कान तपासून घेताल का, असं म्हनली. तुमी हो म्हनले." वर म्हणाली, "आता तिला खोटं पाडू नका."

१८ फेब्रुवारी, जालना

तपासणीला आलोच आहे तर उत्तम मार्क मिळवून त्या बारावीच्या डॉक्टरचं तोंड बंद करायचं, असा संकल्प केला.

काचेची खोली. तपासणाऱ्या मॅडमच्या कोटावर मोनाली असं लिहिलेलं. तिने कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, इतकंच. शाळेतली पोरं सुद्धा पास होतील.

दार लागलं. मी डोळे मिटून एकाग्र झालो. लगेच आवाज आला. दाबलं. परत आला. दाबलं. बारीक, मोठा, लांबचा, एकही सोडला नाही. पुढे पुढे तर अंगठा उचलायचीही गरज पडेना. मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात कान. काचेबाहेर दुर्गा बाकावर बसली होती, तिच्याकडे बघून हसलोसुद्धा.

मोनाली मॅडम दार उघडून आत आली. हेडफोनची एक बाजू बाजूला करून, माझ्या उजव्या कानाशी मोठ्याने म्हणाली, "काका, थांबा थोडं. मी अजून चालूच न्हाई केलं."

मग तिने चालू केलं. त्यानंतर मात्र डाव्या कानाला बटण दाबायची वेळ फारशी आली नाही.